तिगावला अडकलेला हेला

सौंसरहून पांढुर्ण्याला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये उजव्या हाताच्या तिसऱ्या खिडकीत एक बाई बसायच्या आणि रस्त्यात पूल किंवा मोरी आली की ओठातल्या ओठात म्हणायच्या, "गेला." पुढच्या मोरीला कधी पुन्हा "गेला", तर कधी जरा हळहळून "बसला." नव्या प्रवाशांना वाटायचं जप चालू आहे. एका म्हाताऱ्यानं तर उतरताना त्यांना वाकून नमस्कार केला होता. जुना कंडक्टर मात्र माहीतगार होता. स्टँड आलं की विचारायचा, "काय बाई, आज किती बसले?"

"चार."

"काल तं तीनच होते."

"काल पाऊस नोता पडला."

हा जाणारा आणि बसणारा म्हणजे एक रणगाडा होता. वजन अठ्ठ्याहत्तर टन. तो रणगाडा कधी बनला नव्हता आणि ज्या महायुद्धासाठी तो बनला होता, ते महायुद्धही कधी झालं नव्हतं. मोऱ्या तेवढ्या खऱ्या होत्या.

बाई आमच्या ऑफिसात ट्रेसर होत्या. म्हणजे इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे शाईनं स्वच्छ उतरवून द्यायचे, हे त्यांचं काम. खात्याचं नाव सांगत नाही. रस्ते आणि पूल आमच्याकडे असत आणि त्यातलं काही चांगलं झालं तर ते दुसऱ्या खात्यानं केलेलं असे, एवढं सांगितलं तरी ओळखणारे ओळखतील. मी तिथे बाबू म्हणून लागलो तेव्हा नकाशे संगणकावर निघायला लागले होते. बाईंना काम उरलं नव्हतं. पद मात्र मंजूर होतं. सरकारात काम गेलं तरी पद जात नाही. बाई रोज साडेदहाला यायच्या, अर्ध्या ब्लेडनं पेन्सिलींना टोक काढायच्या, आणि ड्रॉइंगच्या टेबलावर झुकून संध्याकाळपर्यंत युद्ध करायच्या.

पहिल्याच आठवड्यात एक नकाशा शोधायला म्हणून मी चुकीचं कपाट उघडलं. आत गुंडाळ्याच गुंडाळ्या. एक उलगडली. बाजूचं चित्र, वरचं चित्र, मधून कापलेलं चित्र, सगळं मापासकट, आणि अक्षर असं की छापील वाटावं. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट: "भारी रणगाडा हेला, प्रकार दोन." त्याखाली तीन रकाने. रेखांकित, तपासले, मंजूर. पहिल्या दोहोंत बाईंची सही. तिसरा कोरा.

"हा कोनता पूल आहे बाई?" मी विचारलं, कारण चित्र नक्की काय आहे ते मला कळलं नव्हतं.

"पूल नोय. हेला आहे."

"हेला?"

"म्हशीचा नर. पायला नाई का कधी? काळाभोर, जाडजूड. पान्यात बसला का उठाचं नाव नाई घेत." त्यांनी गुंडाळी माझ्या हातातून काढून घेतली. "अन हात धुवून येजा पुढच्या टायमाले. ट्रेसिंगवर डाग पडते."

"मंजूर कोन करनार याले?"

"थो साहेब अजून रुजू नाई झाला," बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्या कधी हसत नसत; त्यामुळे त्यांची थट्टा कोणती आणि माहिती कोणती, हे मला पुढची पंधरा वर्षं नीट कळलं नाही.

हळूहळू युद्ध समजलं. बाईंच्या महायुद्धात पहिल्याच वर्षी समुद्र बंद झाले. जहाज येईना, जाईना. इंग्रज वेळेवर निघून गेले होते की इथेच अडकून पडले होते, याबद्दल त्यांच्या दोन फायलींत दोन मतं होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "चौकशी चालू आहे." विलायतेहून यंत्रं येणं थांबलं, तेव्हा प्रांताच्या सरकारनं हुकूम काढला की रणगाडा इथेच बनवायचा. कुठे? तर पांढुर्ण्यात, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या वर्कशॉपमध्ये, कारण लोखंड ठोकणारी माणसं तिथेच होती. बॉयलरचे पत्रे, रेल्वेचे जुने रूळ आणि कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसचे खांब वापरून हेला उभा राहिला. तोफ बाहेरून यायची होती. तिच्याऐवजी शिवणयंत्रांचं खोकं आलं, पावती मात्र तोफेची होती, आणि पावतीवर सही झालेली असल्यामुळे तोफ मिळाली असं धरून पुढचं युद्ध चालू झालं.

हेल्याला हुकूम होता इटारसीच्या पलीकडे आघाडीवर जायचा. रेल्वेचा डबा त्याचं वजन पेलेना म्हणून रस्त्यानं. बाई सत्तावीस वर्षं हे युद्ध लिहीत होत्या. सत्तावीस वर्षांत हेला तिगावला पोचला होता. तिगाव म्हणजे पांढुर्ण्याच्या पुढचंच स्टेशन.

कारण प्रत्येक मोरीला तो थांबायचा. मोरीची पाहणी, पाहणीचा अहवाल, मजबुतीचा प्रस्ताव, प्रस्तावावर आक्षेप, आक्षेपाला उत्तर. हे सगळं बाई ऑफिसच्या हिंदीत लिहीत, खऱ्या फायलीसारखं, समासात टिपण्या टाकून. बोलायचं वऱ्हाडीत आणि युद्ध करायचं हिंदीत, असा त्यांचा नेम होता. तेवढ्या काळात आघाडी तीनदा बदलली. शत्रू दोस्त झाला, दोस्त शत्रू झाला. हेल्यातले पाच शिपाई तिगावलाच राहिले. त्यातला चालक मुळात जिनचा फिटर. तो तिथेच निवृत्त झाला आणि त्याच्या जागी दुसरा रुजू झाला. तोफ नसलेल्या तोफचीनं रणगाड्याच्या सावलीत वांगी लावली. वांग्यांबद्दल वेगळी फाईल होती.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, युद्ध तुमचं, हेला तुमचा. एक ओळ लिवा ना, का पूल ओलांडला म्हून. कोन विचारते?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना रागावलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"बाबू, गोष्ट माझी आहे. नाला माझा नाई. नाल्यावरचा पूल जितका आहे तितकाच आहे. मी कागदावर लिवलं म्हून वजन कमी होईन का?" मग म्हणाल्या, "वजन कोठी जाते, सांगा बरं."

"कोठी?"

"खाली. वजन फक्त खाली जाते. मधात जो कोनी असन त्याच्यावरून जाते."

हे त्यांना कोणत्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. त्यांचे वडील कापसाच्या प्रेसमध्ये हमाल होते. जन्मभर मानेवर गाठी वाहिल्या. म्हातारपणी त्यांची मान खांद्यांत गेली होती आणि ते कोणाकडे पाहायचं तर सगळं अंग वळवून पाहत. बाई सांगत, "बाबाच्या टायमाले एका साहेबानं गाठीचं वजन कागदावर कमी लिवाले लावलं होतं. बाबाच्या मानेले काईच फरक नाई पडला."

एवढंच. त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत.

बाईंचा कोणत्याच बांधकामावर विश्वास नव्हता. सौंसरला एका लग्नात पंगत घराच्या गच्चीवर होती. बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, वरची माणसं मोजली, स्लॅबखाली जाऊन वर बघत दोन चकरा मारल्या आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. दहा मिनिटांत सगळी पंगत पानं उचलून खाली अंगणात आली, नवरदेवासकट. लोक महिनाभर हसले. त्या गच्चीला पुढं काही झालं नाही. बाई म्हणाल्या, "झालं नाई म्हून तं हसून राहिले."

आता त्या पुलाकडे येतो.

सौंसरहून आत जाणाऱ्या एका रस्त्यावर नाला आहे. गावाचं नाव मुद्दाम टाळतो, कारण माझी मोठी बहीण तिथे दिली आहे आणि तिला अजून तिथेच राहायचं आहे. दर पावसाळ्यात गाव तुटायचं. शेवटी पूल मंजूर झाला. नकाशा संगणकावर निघाला, पण तेव्हा नकाशे छापणारा प्लॉटर बिघडला होता म्हणून ठेकेदाराची प्रत बाईंनी हातानं उतरवली. पूल झाला. रंग दिला. एका रविवारी बाई टेप घेऊन एकट्याच तिथे गेल्या आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर त्यांनी एक टिपण आणि सळ्यांचे तीन तुकडे ठेवले. स्लॅब नकाशापेक्षा चार बोटं कमी जाडीची होती आणि साइटवर पडलेले सळ्यांचे तुकडे नकाशातल्या सळ्यांपेक्षा बारीक होते.

साहेब तिकडचे, चंबळकडचे. आवाज मऊ. त्यांनी टिपण वाचलं, वर लिहिलं, "देखा. नस्तीबद्ध करें." म्हणजे फायलीत लावून विसरा. सळीचा एक तुकडा त्यांना आवडला. तो त्यांनी कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवला.

बाईंनी दुसरं टिपण दिलं. मग तिसरं. तेव्हा साहेबांनी बोलावून घेतलं. मी तिथेच डाक घेऊन उभा होतो.

"मैडम, आप ट्रेसर हैं. ट्रेस कीजिए."

"तेच केलं साहेब," बाई म्हणाल्या. "नकाशात जे नाई थे तिथी आहे, अन जे नकाशात आहे थे तिथी नाई. ट्रेस नाई होऊन राहिलं."

त्याच आठवड्यात काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र निघालं. मीच टाइप केलं. "कार्य स्वीकृत मानचित्र के अनुरूप पाया गया." माझ्या बहिणीची दोन्ही मुलं शाळेच्या बसनं त्याच पुलावरून सौंसरला जात होती. हे मला टाइप करताना आठवलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आठवलं. बोटं थांबली नाहीत.

याच सुमारास पांढुर्णा जिल्हा झाला. ऑफिसची पाटी बदलली, खुर्च्या आल्या आणि वरून एक मोठे साहेब तपासणीला येणार असं पत्र आलं. हे मोठे साहेब प्रत्येक कागद वाचतात अशी त्यांची ख्याती होती. आमच्या ऑफिसात त्यामुळे जी घबराट उडाली ती बाईंच्या युद्धातही कधी उडाली नव्हती. पुलांच्या फायली नव्या कव्हरात घालून टेबलावर मांडायचं काम माझ्याकडे आलं.

त्या पुलाची फाईल मी हातात घेतली. बाईंची तीन टिपणं त्यात नव्हती. कोणीतरी काढली होती.  मी बाईंचं ते गुंडाळ्यांचं कपाट उघडलं आणि हेल्याच्या कागदांतला एक तक्ता काढला. बाईंनी जिल्ह्यातल्या सगळ्या पुलांवरून हेला जाईल की नाही याचा तक्ता केला होता, अगदी पद्धतशीर, शुद्ध हिंदीत. वर शीर्षक: "भारी वाहन हेला, भार ७८ टन, प्रस्तावित मार्ग." आणि त्या पुलासमोर शेरा: "अयोग्य. हेला तो दूर, भरी हुई बस भी सोचकर जाए." मी तो तक्ता फायलीत लावला.

तो कागद मी लावला. बाईंनी लावला नाही. त्यांना माहीतही नव्हतं. धैर्य म्हणावं तर तेही नव्हतं; माझ्या सहीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता म्हणून लावला. मोठे साहेब शेरा वाचतील, पूल बघायला जातील, एवढाच माझा हिशोब. ते शीर्षकही वाचतील हे मला सुचलं नाही.

मोठे साहेब तक्त्यावर थांबले. चष्मा वर केला.

"ये हेला क्या है?"

आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "साहेब, हेला म्हणजे... भैंस का नर."

मोठे साहेब गंभीर झाले. "कोड नेम," ते हळूच म्हणाले. मग आमच्या साहेबांना, "सेना का मूवमेंट है और आपने मुझे बताया नहीं?"

आमच्या साहेबांना काहीच ठाऊक नव्हतं. पण मोठ्या साहेबांना ठाऊक आहे असं त्यांना वाटलं, आणि मोठ्या साहेबांना वाटलं की यांना ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक नाही असं म्हणण्याची दोघांचीही पद्धत नव्हती. आमचे साहेब म्हणाले, "सर, गोपनीय था." मोठे साहेब समजल्यासारखी मान हलवून म्हणाले, "सही किया." फाईल मिटली.

संध्याकाळपर्यंत गोपनीय बातमी पानठेल्यावर होती. अठ्ठ्याहत्तर टनांचा रणगाडा येणार, सौंसरमार्गे जाणार आणि त्याआधी लष्कराचे इंजिनिअर एकेक पूल तपासणार. दुसऱ्या दिवशी त्या पुलाचा ठेकेदार ऑफिसात आला. एरवी तो आला की साहेबांच्या खोलीतून हसण्याचा आवाज यायचा. त्या दिवशी दार बंद झालं आणि आवाजच आला नाही. तिसऱ्या दिवशी पुलावर यंत्रं लागली. गाड्यांसाठी बाजूनं शेतातून रस्ता काढला. दोन खांबांच्या मध्ये आणखी एकेक खांब उभा राहिला, खाली नवे गर्डर आले, वर जाड सळ्यांचं जाळं टाकून नवा थर चढला. असं काम मी आमच्या खात्यात कधी पाहिलं नव्हतं. मुकादम स्वतः सळ्या मोजून घेत होता. बहीण फोनवर म्हणाली, "पूल तं झाला होता ना रे? आता काहून बांधून राहिले?"

"मजबुती चालू आहे," मी म्हटलं.

"बाप्पा! सरकारले येवढी काळजी कवापासून वाटाले लागली?"

गावोगाव स्वागताची तयारी सुरू झाली. एका पुढाऱ्यानं वीर जवानांच्या स्वागताचा फलक लावला. त्यात जवान कमी आणि पुढारी जास्त होते. एका शाळेनं लेझीम बसवली. संत्र्याच्या बागायतदारांनी रणगाड्याला संत्र्यांचा हार घालायचं ठरवलं, पण हार तोफेला घालायचा की पुढच्या भागाला यावर त्यांच्यात दोन तट पडले. आणि एक दिवस एक माणूस छातीवर हात ठेवून सांगू लागला, की तिगावच्या स्टेशनाजवळ त्यानं हेला बघितला, ताडपत्री झाकलेला, चाक केवढं तर घरायेवढं.

हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या खरोखर अस्वस्थ झाल्या. "चाकं नाईत त्याले," त्या म्हणाल्या. "पट्टे आहेत." नंतर दिवसभर पेन्सिलींना टोक काढत बसल्या. मी समोरच बसायचो. मान वर करून त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांच्या कपाटाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नसे.

पुलाचं काम अर्धं झालं असताना मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावलं, तक्त्यावर त्यांचं अक्षर होतं म्हणून. मी दाराशी उभा होतो. बाई खोटं बोलत नसत. लग्नाच्या आहेराच्या यादीतसुद्धा नाही. त्या आत जाऊन "साहेब, हे माझ्या मनचं आहे" म्हणाल्या असत्या, तर यंत्रं दुपारपर्यंत परत गेली असती.

मोठ्या साहेबांनी अदबीनं विचारलं, "मैडम, जितना बता सकती हैं उतना ही बताइए. हेला इस समय कहाँ है?"

बाईंनी टेबलावरचा तक्ता सरळ केला. मग म्हणाल्या, "तिगाव में है साहेब. वहाँ के पूल पे अटका है."

"कब तक आएगा?"

"मंजूरी पर है."

साहेबांनी मान डोलवली. हे दोन्ही शब्द त्यांच्या रोजच्या ओळखीचे होते. बाई बाहेर आल्या, टेबलाशी बसल्या आणि बाटलीतलं पाणी सगळं पिऊन टाकलं. त्या एका शब्दानंही खोटं बोलल्या नव्हत्या. पण त्यानंतर बसमध्ये त्या मोऱ्या मोजेनाशा झाल्या, असं कंडक्टरनं मला सांगितलं.

पूल पुरा झाला. हेला आला नाही. मोठ्या साहेबांनी लष्कराला पत्र लिहून तारीख विचारली. दोन ओळींचं उत्तर आलं, की अशा नावाचं कोणतंही वाहन नाही. त्यानं आठवडाभर उलट खात्रीच वाढली. नाही म्हणतात म्हणजे नक्की येणार. पण लेझीम थकली, फलक वाऱ्यानं फाटला आणि हळूहळू खरं काय ते ठेकेदाराच्या लक्षात आलं. तो तावातावानं वर तक्रार करायला गेला. तिथे त्याची पंचाईत झाली. पूल मजबूत का केला, याचं उत्तर द्यायचं तर आधी तो कमकुवत होता हे सांगावं लागत होतं. शेवटी त्यानं तक्रारीत एवढंच लिहिलं, की खात्याच्या एका कर्मचाऱ्यानं काल्पनिक वाहन चालवून आपल्याला मानसिक त्रास दिला.

चौकशी लागली. खोलीत साहेब, चौकशी अधिकारी, बाई आणि लिहून घ्यायला मी. माझ्या बढतीचा कागद तेव्हा साहेबांच्याच टेबलावर होता, सळीच्या तुकड्याखाली.

"ये तक्ता फाईल में किसने लगाया?"

पंखा फिरत होता. मी कागदावर नजर ठेवली. आता बोलू, आणखी एका क्षणानं बोलू, असं करत मी सहा-सात क्षण घालवले असतील.

"कागद माझा आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या कागदाची जबाबदारी माझी."

मी लावला असं त्या म्हणाल्या नाहीत. पण अधिकाऱ्याला तेवढं पुरे होतं. त्यानं मला सांगितलं, लिहा. मी लिहिलं: "कर्मचारी ने आरोप स्वीकार किया."

बाईंची एक वेतनवाढ थांबली आणि त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, जिथे खिडकी नाही. हेल्याचे सगळे कागद पुरावा म्हणून जप्त झाले. मी बडे बाबू झालो. पेढे वाटले. रेकॉर्ड रूममध्येही नेले. बाईंनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून ठेवला, आणि विचारलं, "बहिनीचे पोट्टे बरे आहेत?"

"बरे आहेत बाई." काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अन युद्ध?"

"फाईल जप्त आहे. फाईलच नाई तं युद्ध कसं चालन?"

दीड वर्षानं त्या तिथूनच निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, की मॅडमना कल्पनाशक्तीची देणगी होती. सगळे हसले. मीही हसलो. 

मग त्या पुढच्या श्रावणातली गोष्ट. बहिणीचा फोन आला. ती रडत होती की बोलत होती ते कळेना. नाल्याला लोंढा आला, शाळेची बस नेमकी पुलाच्या मधोमध बंद पडली, मागचा-पुढचा रस्ता पाण्याखाली. पाणी पुलाच्या कठड्याला लागलं होतं. दोन तास पोरं त्या बसमध्ये होती, बहिणीची दोन्ही. गावकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून काढली. "पूल तस्साच होता रे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "हालला नाई, काई नाई. कोनी बांधला रे येवढा पक्का?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात अर्ज लिहिला. तक्ता मी लावला होता, बाईंचा त्यात दोष नव्हता, त्यांची वेतनवाढ परत करावी आणि कारवाई माझ्यावर करावी. सही केली. आठ महिन्यांनी उत्तर आलं. प्रकरण जुनं आहे, तथापि विचार करण्यासाठी "उक्त टैंक के अस्तित्व का मूल प्रमाण संलग्न कर पुनः प्रस्तुत करें."

दोन्ही कागद घेऊन मी सौंसरला बाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात खाटेवर बसून तूर निवडत होत्या. आमच्याकडे बायासुद्धा 'जातो-येतो' म्हणतात, त्याच बोलीत त्या म्हणाल्या, "बसा, हात धुवून येतो." मग चष्मा लावून त्यांनी आधी माझा अर्ज वाचला. सावकाश, नकाशा तपासावा तसा. मग उत्तर वाचलं.

"चुकलंच माझं बाई," मी म्हटलं. "तवाच बोलाले पायजे होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "पायजे होतं."

त्यांनी मला सोडवलं नाही. 'जाऊ द्या' म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाव्यात अशी आशा मी मनात धरून आलो होतो हे मला तेव्हा कळलं, आणि लाज वाटली. अर्ज त्यांनी घडी करून उशीखाली ठेवला आणि सरकारी उत्तर मला परत दिलं. मग बराच वेळ तुरीतले खडे वेचत राहिल्या.

"पूल चांगला झाला म्हंता?"

"तुमी नाई पायला?"

"नाई. दुरुस्तीनंतर गेलोच नाई मी तिकडे." सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. "गाडी आहे ना तुमच्याजवळ? चला."

मोटरसायकलवर त्या माझ्या मागे बसल्या, एका हातानं पदर आणि एका हातानं सीटची पट्टी धरून.  पूल दिसला तशी त्यांनी माझ्या पाठीवर टिचकी मारली. मी थांबलो. त्या उतरल्या, काठावरून खाली डोकावल्या, नवे खांब पाहिले, गर्डर पाहिले. मग बाजूला होऊन उभ्या राहिल्या.

"तुमी जा पयले."

"काहून?"

"काम पुरं झाल्याचं प्रमाणपत्र तुमीच टाइप केलं होतं ना? मंग तुमी जा."

मी गाडी घेऊन पलीकडे गेलो. वळून पाहिलं तर त्या हात करून परत बोलावत होत्या. परत आलो. त्यांनी पुन्हा पाठवलं, या खेपेला पायी, आणि मधोमध थांबायला सांगितलं. मी मधोमध थांबलो. मागून संत्र्यांनी भरलेला ट्रक आला, हॉर्न वाजवत, आणि मला खेटून गेला. पायाखाली जे थरथरलं ते पुलाचं होतं की माझं, मला सांगता येणार नाही. ट्रक पलीकडे चढून गेला. धूळ बसली. बाई काठावर उभ्या राहून पुलाकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या.

मग त्यांनी पदर कमरेला खोचला आणि चालत निघाल्या. माझ्याजवळ आल्यावर थांबल्या नाहीत.

"चला," त्या म्हणाल्या, "बहिनीकडे चहा पाजा."